कोबी, कपुस्ता आणि कोर्लई

रशियन भाषेत कोबीला 'कपुस्ता' म्हणतात. पोलिश, युक्रेनियन आणि स्लोव्हाक भाषांतही हाच शब्द आहे. चेक ही स्लोव्हाकची अगदी सख्खी बहीण, पण तिथे 'कपुस्ता' म्हणजे सुरकुतलेल्या पानांचा, सॅव्हॉय जातीचा कोबी. आपल्या ओळखीचा गुळगुळीत पांढरा गड्डा तिथे 'झेली' या नावाने मिळतो. म्हणजे ब्रातिस्लाव्हाच्या गृहिणीने प्रागच्या मंडईत जाऊन आपल्या भाषेत कोबी मागितला तर पिशवीत वेगळीच भाजी पडेल. सर्बियन भाषेत शब्द आखडून 'कुपुस' झाला, हंगेरियनने स्लाव्ह शेजाऱ्यांकडून घेऊन 'कापोस्ता' केला, लिथुआनियनमध्ये तो 'कोपुस्तास' आहे. तुर्कांकडे कोबीला 'लाहाना' हा ग्रीकांकडून आलेला शब्द आधीच होता. त्यामुळे त्यांनी कपुस्ताचा 'कपुस्का' केला आणि तो कोबीच्या एका शिजवलेल्या पदार्थाला दिला. भाजी एका नावाची आणि तिचे कालवण दुसऱ्या नावाचे!

या शब्दाच्या मुळाबद्दल कोशकारांत एकमत नाही. माक्स फास्मर यांच्या रशियन व्युत्पत्तिकोशात दिलेले प्रचलित मत असे, की दोन लॅटिन शब्द एकमेकांत मिसळून कपुस्ता तयार झाला. एक 'कोम्पोसिता', म्हणजे एकत्र घातलेले, मुरवलेले. फळांचे 'कॉम्पोट' याच घराण्यातले. दुसरा 'कापुत', म्हणजे डोके. इंग्रजी 'कॅबेज'ही फ्रेंच बोलीतल्या डोक्यापासूनच आला. एकाने भाजीचे काय करतात ते पाहून नाव दिले, दुसऱ्याने ती दिसते कशी ते पाहून. कपुस्तामध्ये बरणी आणि डोके दोन्ही आहेत, आणि नेमके कुठले आधी हे आज सुटे करून दाखवता येत नाही. मला ही गोष्ट आवडते. व्युत्पत्ती म्हणजे एकाच झऱ्यापर्यंत उलटे चालत जाणे अशी आपली समजूत असते. इथे दोन ओहोळ आधीच मिसळलेले आहेत.

चेक 'झेली'ची कथा याहून जुनी आहे. तो स्लाव्ह भाषांचा घरचा शब्द: मुळात हिरवे ते 'झेल्ये', हिरवा रंग 'झेलेनी', भाजीपाला 'झेलेनिना'. हे मूळ आणि संस्कृतातले 'हरि', 'हरित', 'हिरण्य' यांचे मूळ एकच मानले जाते. तेव्हा प्रागमधली बाई झेली चिरते आणि आपण मंडईतून 'हिरवी भाजी' आणतो, तेव्हा चारपाच हजार वर्षांपूर्वीचे एक नाते दोन्हीकडे नकळत जागे असते. मात्र आपल्या स्वयंपाकघरातल्या कोबीचे नाव या नात्यातले नाही. ते समुद्रावरून आले.

आता मराठी वाचकाला कपुस्ताशी काय देणेघेणे, हा प्रश्न रास्त आहे. मी रायगडच्या किनाऱ्यावर, अष्टागरात राहतो. इथून कोबी या शब्दाकडे पाहिले की आपल्याकडच्या एका लेखनप्रकाराविषयी जी तक्रार माझ्या मनात बरीच वर्षे आहे ती नेमकी मांडता येते. हा प्रकार म्हणजे 'मराठीतील पोर्तुगीज शब्द' हा लेख. दिवाळी अंक आणि रविवारच्या पुरवण्या यांचे तो नेमाचे पक्वान्न आहे. बटाटा, पाव, काजू, अननस, पपई, चावी, पगार, घमेले, फीत, लिलाव, तुरुंग अशी यादी, प्रत्येकापुढे मूळ शब्द, आणि शेवटी मराठी किती उदार हे एक वाक्य. लेखक शुद्धीवाला असेल तर त्या वाक्याऐवजी सुस्कारा. या याद्या चुकीच्या असतात असे मी म्हणत नाही. बहुतेकींचा पाया भक्कम आहे, कारण त्यांच्या मुळाशी मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो हे गोव्याच्या आसगावचे पंडित आहेत. पन्नासेक आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली निघाला आणि आंतोनी झेवियर सोआरिस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले. अडचण अशी, की दाल्गादोंनी जिथून काम सुरू करायला हवे तिथवर आपल्याला आणून सोडले आणि आपण तिथेच बसकण मारली. शब्द कुठून आला ते कळले, की जणू त्याचे सगळे कळले.

कोबीचेच पाहा. मूळ पोर्तुगीज शब्द 'कोव्ह'. यादी इथे संपते आणि खरी गंमत इथून सुरू होते. पोर्तुगालमध्ये नुसते 'कोव्ह' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा गड्डा येत नाही. येतात त्या उंच देठावरच्या, सुट्या, मोठ्या गडद पानांच्या भाज्या. आता शहरी मंडईत 'केल' नावाने महाग मिळते तिच्या जवळच्या. गड्डा धरणाऱ्या कोबीला तिथे 'रेपोल्यु' असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे आपण पानांचे नाव घेतले आणि ते गड्ड्याला लावले. ज्या भाजीला गड्डा नसतो तिचे नाव मराठीत आल्यावर इतके बदलले, की 'कोबीचा' या शब्दानंतर 'गड्डा' हाच शब्द आपोआप तोंडात येतो.

हा अपघात एकट्या कोबीचा नाही. 'बाताता' हे मुळात रताळ्याचे नाव. ते बटाट्याकडे सरकले आणि आपल्याकडे बटाटाच होऊन बसले. पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे नासपतीच्या जातीचे फळ. ते इथे रुजणार नव्हते, पण आकाराने तसाच असलेला अमेरिकेतला एक फळप्रकार रुजला, आणि कोकणीत तो 'पेर' आणि मराठीत 'पेरू' झाला. नाव घेऊन आलेल्या माणसाला जी वस्तू हवी होती ती हाताशी नव्हती. जी होती तिला त्याने ते नाव दिले. याद्यांमध्ये 'पेरा = पेरू' असे बरोबरीचे चिन्ह असते. त्या चिन्हाच्या पोटातच सगळा इतिहास आहे, आणि यादी करणारा नेमका त्याच्यावरून उडी मारून जातो.

उच्चाराचीही एक गाठ आहे. पोर्तुगीज 'शाव्ह', पूर्वीच्या उच्चाराप्रमाणे 'चाव्ह', याची मराठीत 'चावी' झाली. शेवटच्या 'ए'चा 'ई' झाला आणि 'व' टिकला. 'कोव्ह'मध्येही शेवटी 'ई' आली, पण 'व'चा 'ब' झाला. हिंदीत चावीचीही 'चाबी' आहे. म्हणजे हिंदीने दोन्हीकडे ओठ मिटले आणि मराठीने एकीकडे मिटले, एकीकडे उघडे ठेवले. असे का व्हावे? उत्तर पोर्तुगालमध्ये, विशेषतः मिन्यु भागात, 'व'चा उच्चार आजही 'ब'सारखा करतात. आणि याच मिन्युची खूण असलेला पदार्थ म्हणजे 'काल्दु व्हेर्द', कोव्हची पाने केसासारखी बारीक चिरून केलेले हिरवे सार. माझा तर्क असा, की चावी एका तोंडून आली आणि कोबी दुसऱ्या. चावी गोदामाच्या आणि कचेरीच्या भाषेतून आली असावी, कोबी जहाजावरच्या उत्तरेकडच्या आचाऱ्या-खलाशांच्या तोंडून. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण 'पोर्तुगीज' हा एकच एक माणूस नव्हता, एवढे तरी या दोन शब्दांतून दिसते.

कोव्हचे मूळ लॅटिन 'काउलिस', म्हणजे देठ. त्याच देठाला उत्तर युरोपात फांद्या फुटल्या: जर्मन 'कोल', डच 'कोल', इंग्रजी 'केल', आणि 'कॉलिफ्लॉवर'मधला आरंभीचा 'कॉलि'. डचांकडे गाठीसारख्या कंदाच्या कोबीला 'क्नोलकोल' म्हणत. इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलीत तो 'नोलकोल' झाला आणि मराठीत आला तो 'नवलकोल' किंवा 'अलकोल' होऊन. मराठी माणसाने कानाला अनोळखी आवाज आला तिथे 'नवल' हा ओळखीचा शब्द बसवून घेतला. नवलकोलचा गड्डा पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटले असेलच, तेव्हा नाव अगदीच वाया गेले नाही. पण मुद्दा असा, की कोबीतला 'को' आणि नवलकोलमधला 'को' एकाच लॅटिन देठाचे. एक पोर्तुगीजांच्या वाटेने आला, दुसरा डचांच्या, आणि दोघे मराठी मंडईत शेजारी बसले तरी एकमेकांना ओळखत नाहीत. वनस्पतिशास्त्र सांगते, की कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही एकाच जातीच्या झाडाची रूपे आहेत. इंडोनेशियात कोबीला 'कुबिस' आणि 'कोल' असे दोन्ही शब्द चालतात, पहिला पोर्तुगीजांचा आणि दुसरा डचांचा. तिथे दोन सत्तांनी एकाच भाजीसाठी दोन शब्द ठेवले. आपल्याकडे तेच दोन शब्द दोन भाज्यांना वाटून दिले गेले.

आता थोडा वेळ उलटा विचार करू. नाव पोर्तुगीज आहे, म्हणून वस्तूही पोर्तुगीजांनीच आणली, हे अनुमान आपण किती सहज करतो! कोबीच्या बाबतीत ते बरोबर असण्याचा संभव मोठा आहे. पण केवळ नावावरून ते सिद्ध होत नाही. कारण हिंदी-उर्दूत कोबीला 'करमकल्ला' असाही शब्द आहे, आणि तो फारसी आहे: 'करम' कोबी आणि 'कल्ला' म्हणजे डोके. पुन्हा डोके! लिस्बनशी काही संबंध नसलेला, खुष्कीच्या वाटेने आलेला शब्द. हिंदी 'गोभी'चेही तसेच. ती कोव्हवरून आली असे काही म्हणतात, तर काही कोशकार तिचे मूळ संस्कृत 'गोजिह्वा' या वनस्पतिनामात शोधतात. मला वाटते गोभी म्हणजे पाहुण्या शब्दाने घरच्या शब्दाचा सदरा चढवलेला आहे, पण वाद मिटलेला नाही हे मान्य करायला हवे. उत्तरेत फारसी करमकल्ला असताना दख्खनच्या फारसी दरबारांच्या सावलीत वाढलेल्या मराठीने मात्र कोव्ह उचलला. शब्द दरबाराकडून न येता बंदराकडून आला. हे का झाले, हा प्रश्न यादीला पडतच नाही.

बंदर म्हटले की चौल आले. वास्को द गामा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी, १४६९च्या सुमारास, एक कपुस्ता खाणारा माणूस चौलला उतरला होता. अफानासी निकितिन, व्होल्गाकाठच्या त्व्हेर गावचा व्यापारी. होर्मुझहून निघून दीव आणि खंबायतमार्गे तो चौलला आला, एक घोडा विकायचा म्हणून घेऊन. पुढे पालीमार्गे जुन्नर, तिथे अख्खा पावसाळा, मग बिदर. आणि परतीला दाभोळ. रेवदंड्यात २००२ साली त्याचे स्मारक उभारले गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'परदेसी' हा १९५७चा चित्रपट त्याच्यावरचा आहे हे जुन्या रसिकांना आठवत असेल. निकितिनच्या वृत्तांतात इथल्या लोकांच्या जेवणाची नोंद आहे: भात, तूप घातलेली खिचडी, आणि निरनिराळा पाला. 'खिचडी' हा शब्द त्याने रशियन लिपीत जसाच्या तसा लिहून ठेवला. पाल्याला मात्र त्याने फक्त 'गवते', 'पाले' अशा अर्थाचा शब्द वापरला. मी वाचलेल्या भाषांतरात मला कपुस्ता कुठे भेटला नाही. यावरून चौलच्या बाजारात तेव्हा कोबी नव्हता असे सिद्ध होत नाही. प्रवासी जे लिहीत नाही ते नव्हते असे मानणे हा इतिहासलेखनातला जुना आजार आहे. पण ज्याच्या गावी प्रत्येक घरी हिवाळ्यासाठी कोबी आंबवून ठेवत, त्या माणसाला इथे कोबी दिसता तर तो ओळखला असता आणि नाव घेऊन लिहिला असता, असे मला राहून राहून वाटते.

निकितिनच्या मागून पोर्तुगीज आले. चौलच्या खाडीच्या तोंडाशी, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, त्यांचा कोट १५२१मध्ये उभा राहिला आणि १७४०मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. सव्वादोनशे वर्षांना थोडी कमी. चौल, वसई, दमण, दीव हा त्यांचा 'उत्तर प्रांत'. याद्यांचा दुसरा दोष इथे दिसतो. पोर्तुगीज म्हटले की आपले लेखक थेट पणजीला पोचतात. जणू सगळे शब्द गोव्याहून घाट चढून पुण्याला आले. पण मराठीशी रोजचा, बाजारातला, मजुरीचा संबंध ज्या पोर्तुगीजांचा आला ते बहुतांशी वसईचे आणि चौलचे. घमेले, पगार, बिजागरी हे शब्द कोणा कवीने उचललेले नाहीत; बांधकामावर, गोदीत, बागायतीत काम करणाऱ्यांनी उचललेले आहेत. खुद्द दाल्गादोंनी १९०६मध्ये उत्तरेकडच्या या हिंदी-पोर्तुगीज बोलीवर स्वतंत्र अभ्यास लिहिला. आपल्या याद्या त्याचा उल्लेख क्वचितच करतात.

शब्द आला, रुजला, आणि मग त्याचा संसार सुरू झाला. कोबी मराठीत पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? पाककृतींच्या पुस्तकांत 'कोबी बारीक चिरून घ्यावा' आणि 'घ्यावी' दोन्ही सापडते. पश्चिम महाराष्ट्रात कोबी म्हटले की पानांचाच. विदर्भात 'पानकोबी' आणि 'फुलकोबी' अशी फोड करावी लागते, कारण तिथे फुलाचा कोबीही कोबीच राहिला. आमच्याकडे तो 'फ्लॉवर' झाला. इंग्रजी अमलात आलेल्या भाजीला इंग्रजी नाव, पोर्तुगीज काळातल्या भाजीला पोर्तुगीज नाव. 'कॅबेज' हा इंग्रजी शब्द मराठी स्वयंपाकघरात शिरू शकला नाही, कारण ती जागा आधीच भरलेली होती. इस्पितळात मात्र तो शिरला: हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून डॉक्टर मंडळी आपसात 'कॅबेज' म्हणतात, आणि रुग्णाचे नातेवाईक दचकतात.

परकेपणाचा हिशेब मराठी घरात कसा होतो, तेही कोबी सांगतो. बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा या सगळ्यांची मुळे अमेरिकेत. सगळे उपवासाला चालतात. कोबी चालत नाही. कितीतरी घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकालाही तो वर्ज्य. म्हणजे परके कोण हे उगमावरून ठरत नाही, ते पंगतीत ठरते, आणि पंगतीचे नियम कोणत्याही व्युत्पत्तिकोशात नसतात. तोच कोबी आमच्या किनाऱ्यावरच्या सीकेपी घरांत बेसन आणि ओले खोबरे, कधी कोलंबीही, घालून 'भानोले' होऊन ताटात येतो आणि तिथे तो इतका घरचा असतो, की त्याला परका म्हणणारा स्वतःच परका ठरावा. भाषाशुद्धीच्या चळवळीचा रोख फारसी-अरबी आणि इंग्रजी शब्दांवर होता. कोबीला संस्कृत प्रतिशब्द घडवून तो मंडईत रुजवण्याच्या फंदात कोणी पडले नाही. भाजीवालीने तो चालवून घेतला नसता, हे शुद्धीवाल्यांनाही ठाऊक असावे.

इथून मी भाषांतराकडे वळतो, कारण कपुस्ताचा खरा प्रश्न तिथे आहे. माझ्या पिढीने मॉस्कोहून छापून येणारी स्वस्त, जाड पुठ्ठ्याची मराठी पुस्तके वाचली. त्यांत शेतकरी, सैनिक, विद्यार्थी सारखे 'कोबीचे सूप' खात असत. मूळ शब्द 'श्ची'. श्ची आणि 'काशा', म्हणजे कांजी-खिचडीसारखे शिजवलेले धान्य, हेच आपले अन्न अशा अर्थाची त्यांच्याकडे म्हण आहे, आपल्या पिठलं-भाकरीसारखी. 'कोबीचे सूप' हे भाषांतर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे. पण वाचकापर्यंत काय पोचते? मराठीत कोबी म्हणजे मेसची भाजी, रोज काय करायचे सुचेना तेव्हाची भाजी, लग्नाच्या जेवणात वाटाण्याबरोबर कोपऱ्यात पडलेली भाजी. सूप म्हणजे हॉटेलात जेवणाआधी मागवायचे काहीतरी. दोन्ही मिळून जे चित्र उभे राहते ते एकाच वेळी मिळमिळीत आणि उच्चभ्रू असते. रशियन वाचकाला दिसते ते वेगळेच: शरदात सगळ्या घराने मिळून चिरलेला कोबी, मिठात दाबलेली पिंपे, सहा महिने बर्फ, आणि त्या पिंपाच्या भरवशावर काढलेला हिवाळा.

आमच्या किनाऱ्यावर या अर्थाला जवळची गोष्ट आहे, पण ती कोबी नव्हे. ती आहे आगोट. पावसाळ्याआधी भरून ठेवायची बेगमी: सुके बोंबील, सुकट, सोडे, मीठ, तांदूळ, लोणची, पापड. होड्या किनाऱ्याला ओढल्या, की आगोटीवर घर चालते. रशियन कथेत बाई तळघरात उतरून कपुस्ता काढते तेव्हा तिच्या हाताच्या हालचालीत जे असते, ते कोळणीच्या किंवा आगरणीच्या सुकटीच्या डब्यात असते: किती उरले याचा हिशेब. भाषांतरकाराने कपुस्ताच्या जागी सुकट लिहावे असे मी म्हणत नाही. तसे केले तर त्व्हेरच्या तळघरात बोंबलाचा वास सुटायचा. पण 'आंबवलेल्या कोबीचे सार' इतके तरी लिहिता आले असते. 'आंबवलेला' या एका विशेषणाने आणि 'सूप'ऐवजी 'सार' म्हटल्याने ताट जमिनीवर आले असते. आपल्या भाषांतरसमीक्षेत शब्द बरोबर की चूक एवढेच तपासतात. शब्द मूळ वाचकाच्या घरात कुठल्या फळीवर ठेवलेला आहे, हे पाहायची सवय आपल्याला लागलेली नाही.

तशीच गोष्ट लाक्षणिक अर्थांची. रशियन बोलीत कपुस्ता म्हणजे पैसे. पैसा कमावणे म्हणजे 'कपुस्ता तोडणे'. हिरव्या नोटांची पानावर पान चळत, हे उघड कारण. मुंबईच्या बोलीत लाखाची 'पेटी' आणि कोटीचा 'खोका' आहे. आपण पैसा भाजीत न पाहता ज्यातून तो न्यायचा त्या डब्यात पाहिला. रशियात मुलांना सांगतात, की तू कोबीत सापडलास. नाटकवाल्यांच्या आपसातल्या चेष्टेच्या कार्यक्रमाला 'कपुस्तनिक' म्हणतात: मोठ्या उपासाच्या काळात नाटके बंद असत, नट मंडळी जमत आणि कोबीची कचोरी खाऊन एकमेकांच्या नकला करत. मॉस्को आर्ट थिएटरने १९१०मध्ये असा कपुस्तनिक प्रेक्षकांसाठी खुला केला. कोबीचा उपासाशी संबंध तिकडेही आहे, पण नेमका उलटा: तिथे तो उपासाचे अन्न, इथे उपासाला वर्ज्य. पोलिशमध्ये 'वाटाणे आणि कोबी' म्हणजे सगळा गोंधळ, कशाचा कशाला मेळ नाही. आपल्या लग्नातल्या कोबी-वाटाण्याच्या भाजीला हे कळले तर तिला वाईट वाटेल.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येतो. रेवदंड्याहून कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की मुरूड तालुक्यात कोर्लई लागते. तिथल्या जेमतेम हजारभर ख्रिस्ती लोकांच्या घरात आजही एक बोली बोलली जाते. ते तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. पोर्तुगीज १७४०मध्ये गेले, बोली राहिली. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिथे वर्षानुवर्षे काम करून १९९६मध्ये तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज मुळाचे आहेत, पण वाक्याची घडी मराठीची: कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मध्ये बसते. कोर्लईत ते मराठीसारखे शेवटी येऊन बसले. मराठी धातू तर तिने इतके घेतले, की त्यांच्यासाठी क्रियापदांचा एक वेगळा गटच तिथे तयार झाला.

आमच्या भागातल्या पर्यटनाच्या पुस्तिकांत आणि बातम्यांत या बोलीला 'मोडकी पोर्तुगीज', 'भ्रष्ट पोर्तुगीज' म्हणतात, तेही कौतुकाने. हे विशेषण मला अजिबात पटत नाही. 'कोव्ह' मोडून 'कोबी' झाला, सुट्या पानांचे नाव गड्ड्याला चिकटले, लिंग डळमळीत राहिले, तेव्हा आपण म्हणालो की मराठी समृद्ध झाली. तोच व्यवहार कोर्लईत उलट दिशेने, आणि कितीतरी अधिक खोलवर, म्हणजे व्याकरणापर्यंत झाला, तर त्याला मोडतोड म्हणायचे? कोर्लईकरांनी पोर्तुगीज मोडली नाही. गोऱ्या माणसांची वस्ती उठल्यावर अडीचशेहून अधिक वर्षे, मराठीच्या वेढ्यात, शाळेत मराठी, बाजारात मराठी, प्रार्थनाही मराठीत होऊ लागलेली असताना, घरातले बोलणे चालू ठेवण्यासाठी त्यांनी नवे व्याकरण घडवले, आणि त्याला साहित्य म्हणून मराठीच वापरली. त्या बोलीत पोर्तुगीज किती उरली हे मोजायला बरेच जण येतात. मराठी किती आहे हे पाहायला मराठी अभ्यासकांनी जायला हवे होते, पण तो ग्रंथ इंडियानाच्या विद्यापीठातल्या माणसाने लिहिला.

पूर्वी किल्ल्याच्या वाटेवर शेतीत आणि मासेमारीत राबणाऱ्या या वस्तीतली मुले आता नोकरीसाठी बाहेर पडतात, लग्ने बाहेर होतात, आणि नौ लिंगमध्ये सुरू झालेले वाक्य मराठीत संपते. मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांच्या याद्या मी किती वाचल्या ते सांगता येणार नाही. कोर्लईच्या बोलीतल्या मराठी शब्दांची यादी एकाही दिवाळी अंकात माझ्या वाचनात आलेली नाही.